पॅलाडिनचं बिल कोण भरणार?

गेल्या शनिवारी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर भांडण झालं. आधी खेळातलं, मग खरंखुरं. बाकरवडीचं पाकीट अर्धं तसंच पडून राहिलं, ह्यावरून काय ते समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आम्ही पाच जण दर शनिवारी संध्याकाळी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. एक जण डीएम, म्हणजे सूत्रधार. तो गोष्ट सांगतो आणि त्या जगाचे नियम सांभाळतो. बाकीचे चौघं एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत वावरतात. काय करायचं ते आपण ठरवायचं, जमलं की नाही ते फासे सांगणार. प्रत्येक पात्राला एक वृत्ती असते, तिला 'अलाइनमेंट' म्हणतात. माझं पात्र पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा. वृत्ती लॉफुल गुड: नियमाने वागणारा आणि मनाने भला.

तर त्या दिवशी आम्ही एका जुलमी सरदाराच्या तावडीतून काही शेतकरी आणि त्यांची पोरं सोडवली होती. त्यांना एका पडक्या पाणचक्कीत लपवलं. सोबतीला आत आमच्या मैत्रिणीचं पात्र, एक चोरटी, चपळ बाई. दारात मी. सरदाराचे शिपाई आले. नायकाने विचारलं, "आत कोणी आहे का?"

मी म्हणालो, "आहे."

पॅलाडिन खोटं कसं बोलणार ना! मग जे व्हायचं ते झालं. फासेही उलटे पडले. पोरं पकडली गेली. मैत्रिणीने दीड वर्ष जपलेलं पात्र त्या चक्कीतच मेलं. मी आपला म्हणतोय, "अगं, माझं कॅरॅक्टर असंच वागलं असतं!" तिने फासे पिशवीत भरले. "तुझं कॅरॅक्टर खरं बोललं, आणि मेले बाकीचे," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

मी सवयीप्रमाणे आधी नियमांची पुस्तकं उघडली. (इंजिनियर माणूस, चूक कबूल करण्याआधी डॉक्युमेंटेशन बघतो.) १९७४ साली हा खेळ आला तेव्हा वृत्ती तीनच होत्या: कायदा, तटस्थता आणि गोंधळ. भलं-बुरं नंतर जोडलं गेलं, आणि १९७८ च्या पुस्तकात आपल्याला माहीत असलेला नऊ खणांचा तक्ता आला. म्हणजे 'नियम पाळणारा' आणि 'भला' हे दोन वेगळे अक्ष आहेत, हे खेळ बनवणाऱ्यांनाही काही वर्षं खेळल्यावरच कळलं.

२००३ च्या साडेतीन आवृत्तीत पॅलाडिनची आचारसंहिता कडक होती. खोटं बोलायचं नाही, विष वापरायचं नाही, वैध सत्तेचा मान ठेवायचा. मोडलं की शक्ती गेली, प्रायश्चित्त घेईपर्यंत परत नाही. पण त्याच संहितेत गरजवंताला मदत करायची आणि निरपराधांना छळणाऱ्याला शासन करायचं, हेही लिहिलंय! मी त्यातलं सोयीचं कलम उचललं होतं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पॅलाडिन लॉफुल गुडच असला पाहिजे ही अट गेली. २०१४ च्या पाचव्यात वेगवेगळ्या शपथा आल्या. अट गेली म्हणून प्रश्न काही गेला नाही.

ह्यावर खेळणाऱ्यांचे दोन पक्ष असतात. पहिला म्हणतो, नियम म्हणजे नियम, एकदा वाकवला की पॅलाडिन आणि साधा तलवारबाज ह्यांत फरक काय? दुसरा म्हणतो, हेतू चांगला असला की झालं, नियमाचं काय एवढं? मी पहिल्या पक्षाचा. आणि अजूनही दुसऱ्या पक्षात जायची माझी तयारी नाही. पण मी नियमाचा अर्थच चुकीचा घेतला होता, आणि तो कळायला मला गावातलाच पॅलाडिन आठवावा लागला.

रामशास्त्री प्रभुणे. आपण शाळेत त्यांच्यावर निबंध लिहितो आणि विसरून जातो. ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पेशवेपदावर बसले चुलते राघोबादादा. न्यायाधीश रामशास्त्री. त्यांनी चौकशी केली, धागा राघोबांपर्यंत पोचला. राघोबांनी प्रायश्चित्त विचारलं, तेव्हा ह्याला देहांत प्रायश्चित्ताशिवाय दुसरं नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. पुण्याच्याच प्रभात कंपनीने १९४४ साली त्यांच्यावर सिनेमाही काढला.

आता हे खेळाच्या टेबलावर ठेवून बघा. रामशास्त्र्यांनी तलवार उपसली नाही, चार गारदी फोडून राघोबांचा काटा काढला नाही. तो त्यांचा अधिकार नव्हता. हे झालं 'लॉफुल'. पण 'गादीवर बसलाय तो धनी, आपण कागद पुढे सरकवावा' असंही केलं नाही. हे झालं 'गुड'. आणि ह्या दोन्हींचा मेळ घालायला जी किंमत लागली, ती त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली. पद गेलं, मान गेला, घर हललं. बिल दुसऱ्या कुणाच्या नावावर फाडलं नाही.

कोणी म्हणेल, राघोबांना ती शिक्षा कधी झालीच नाही, मग उपयोग काय? खरंय, झाली नाही. पण रामशास्त्री पदावर राहिले असते तर त्यांच्या नावाचा शिक्का त्या गादीवर बसला असता. तो त्यांनी बसू दिला नाही. पुढे बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर ते परत आले आणि १७८९ साली मृत्यू येईपर्यंत न्यायदान करत राहिले.

हा माणूस नियमांचा नुसता हमालही नव्हता. ग्रँट डफने एक हकीकत दिली आहे. माधवराव पेशवे जपजाप्यात इतके रमले की कारभाराला वेळ मिळेना. रामशास्त्री कामासाठी आले तसे परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी काशीला जायची परवानगी मागितली. सांगणं असं, की ब्राह्मणाचे नियम पुरते पाळायचे असतील तर गादी सोडा, आणि गादी घेतली असेल तर रयतेचं भलं हाच तुमचा नियम. माधवरावांनी ऐकलं. त्या जपाची किंमत रयत मोजत होती, एवढं ह्या शास्त्र्याला दिसलं.

ह्याच्या उलट उदाहरण म्हणजे भीष्म. शपथेला त्यांच्याइतका पक्का कोण? पण द्यूतसभेत द्रौपदीने सरळ कायद्याचा प्रश्न विचारला: स्वतः हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का? भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, सांगता येत नाही. उठून बोलला तो विकर्ण, कौरवांतलाच एक पोरगा. शपथ भीष्मांची शाबूत राहिली, भोगलं द्रौपदीने. मला विचाराल तर त्या दिवशी सभेतला लॉफुल गुड माणूस विकर्ण होता.

तर माझं मत असं. लॉफुल गुड पात्राने नियम किती कडक पाळावेत? अगदी कडक. पण नियम पाळण्याचा खर्च स्वतःच्या अंगावर घेऊन. खर्च दुसऱ्यावर पडत असेल आणि आपण नुसते निष्कलंक राहत असू, तर तो सोवळेपणा झाला, भलेपणा नाही.

पाणचक्कीच्या दारात माझ्याकडे 'आहे' आणि 'नाही' ह्यांच्यामध्ये तिसरं उत्तर होतं. "सांगत नाही. आत जायचं असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे." खोटं नाही, फितुरी नाही. फक्त त्यात पहिला घाव मला बसला असता. ते मला सुचलंच नाही, कारण मला माझ्या पात्राचे हिट पॉइंट प्यारे होते. आणि समजा खोटं बोलल्याशिवाय पोरं वाचणारच नसती, तर खोटं बोलावं, मग देवासमोर कबूल करावं आणि शक्ती गेली तर जाऊ द्यावी. प्रायश्चित्ताचा नियम त्याचसाठी आहे. (डीएम मंडळींना विनंती: पॅलाडिनला असं कोंडीत जरूर पकडा, पण तिसरं दार बंद करून मजा बघू नका. तो खेळ नव्हे, सापळा झाला.)

आता जे सांगायचं टाळत होतो ते. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री प्रॉडक्शनवर बग आला. टीममधल्या ज्युनियर मुलीने परवानगीचं तिकीट न काढता एका ओळीचा फिक्स टाकला. टाकण्याआधी तिने मला फोन केला होता. मी म्हणालो होतो, "टाक गं, सोमवारी बघू." सोमवारी मीटिंगमध्ये मला विचारलं, "तिकीट होतं का?" मी म्हणालो, "नव्हतं." शंभर टक्के खरं. फोनबद्दल कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिच्या अप्रेझलमध्ये ते लागलं. ती काही महिन्यांत सोडून गेली. मी मात्र 'प्रोसेस पाळणारा माणूस' म्हणून ओळखला जातो.

म्हणजे पाणचक्कीच्या दारात मी पहिल्यांदा उभा नव्हतो.

खेळातलं निस्तरणं सोपं आहे. मैत्रिणीला फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, बघते. डीएमशी बोललो. येत्या शनिवारी माझा पॅलाडिन सरदाराच्या वाड्यावर एकटा जाणार आहे, शस्त्र खाली ठेवून, पोरांच्या बदल्यात. फासे काय म्हणतील ते म्हणोत.

त्या ज्युनियर मुलीचा नंबर अजून माझ्याकडे आहे. हे पोस्ट करण्याआधी तो फोन करायचं ठरवलं होतं. केला. तिने उचलला नाही. संध्याकाळी परत करतो.