उंचीपलीकडचा सेंटर

पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या बास्केटबॉल कोर्टाभोवती उभं राहिलं की एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘संघात एक उंच पोरगा घ्या, बाकी आपोआप जमेल.’ जमत नाही. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं कर्णधारपद भूषवलं. अशा स्टार खेळाडूला रिंगकडे मुसंडी मारायला मोकळी वाट हवी असते. नेमकी तीच जागा आपला सेंटर, म्हणजे तो उंच खेळाडू, अडवून उभा असेल, तर त्याच्यामागे प्रतिस्पर्ध्याचाही उंच खेळाडू येणार, म्हणजे वाटेत दोन भिंती!

यावरचा उपाय एनबीएमध्ये दिसला. तिथल्या मिलवॉकी बक्स संघाने 2018 मध्ये आपला स्टार यानिस अँटेटोकुन्पोच्या जोडीला सेंटर ब्रुक लोपेझ आणला. सात फुटी लोपेझने कारकिर्दीच्या पहिल्या 8 हंगामांत मिळून लांबून मारायचे फक्त 3 थ्री-पॉइंटर यशस्वी केले होते. पुढे तो लांबून नेम धरायला शिकला, मधली जागा यानिसला मोकळी झाली आणि 2021 मध्ये संघ विजेता ठरला.

अर्थात आपल्याकडे लांबून नेम साधणारा सेंटर दुर्मीळच. मग निदान भक्कम स्क्रीन लावणारा, रिबाउंड सोडून न देणारा तरी शोधा. निवड समित्यांनो, मोजपट्टी जरा बाजूला ठेवा. आधी स्टार आणि सेंटर या दोघांना एकत्र खेळवून पाहा.