टाऊन हॉलवर मजले किती चढवणार?

क्लॅश ऑफ क्लॅन्स हा खेळ मी सोडतो आहे. क्लॅनचे लीडरपद एका कॉलेजातल्या मुलाकडे सोपवून झाले. घर सोडून जाणाऱ्या भाडेकरूने भिंतींच्या रंगावर बोलू नये असे म्हणतात, पण खेळणाऱ्याचे कोणी ऐकत नाही आणि सोडणाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून जाता जाता बोलतो.

समाजापुढे एवढे प्रश्न असताना मोबाइलवरच्या खेळावर लेख कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना एवढेच सांगतो की आमच्या कसब्यातल्या पोरांचा कट्टा केव्हाच या खेळात हलला होता. दम्मामला ट्रेलर चालवणारा, पुण्याला कंपनीत लागलेला, वडिलांच्या दुकानात बसणारा, पेठेतला आणि मोहल्ल्यातला, सगळे एका क्लॅनमध्ये होते. वॉर चालू असला की रात्री दीड वाजता कोणीतरी डोनेशन मागायचा आणि सौदीतून कोणीतरी ते द्यायचा. या पोरांनी एकत्र बसावे अशी दुसरी कोणती जागा आपण त्यांना दिली आहे? मला तरी दिसत नाही.

लोक कमी होत गेले. कोणाचे लग्न झाले, कोणाची शिफ्ट बदलली. याचा दोष खेळाला देणे इन्साफाचे नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. गेलेल्या माणसाला परत येता यावे अशी एकही सोय या खेळात धडपणे केलेली नाही, आणि वर दरवर्षी जिन्याला नव्या पायऱ्या लावल्या जातात.

हिशेब पाहा. खेळ २०१२ साली आयफोनवर आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर. अकरावा टाऊन हॉल डिसेंबर २०१५ मध्ये आला आणि बारावा जून २०१८ मध्ये. मध्ये अडीच वर्षे होती. त्या काळात नोकरदार माणूससुद्धा निवांत वरपर्यंत पोहोचायचा. पंधरावा आला ऑक्टोबर २०२२ मध्ये, सोळावा डिसेंबर २०२३ मध्ये आणि सतरावा नोव्हेंबर २०२४ मध्ये. सोळावा आणि सतरावा यांच्यात वर्षभराचेही अंतर नाही. एकेका इमारतीला दोन-दोन आठवडे लागतात, भिंतीचे तीनशेहून जास्त तुकडे आहेत, आणि बिल्डर फार तर सहा. सगळे एकदा पूर्ण झाले असे म्हणून चहा प्यावा, तोवर वर नवा मजला.

जुन्या पातळ्यांचा खर्च आणि वेळ कंपनी अधूनमधून कमी करते, हे कबूल. पण त्याने दरी बुजत नाही. बाराव्यावर थांबलेला माणूस दोन वर्षांनी परतला तर लीग वॉरमध्ये त्याचे काय होते? तिथे जोड लावताना क्लॅनची लीग पाहतात, टाऊन हॉल पाहत नाहीत. समोर सतराव्याची रांग. लीडर काय करणार? पंधराच्या यादीतून जुन्या दोस्ताचे नाव गाळणार. दोस्त समजूतदार असतो, काही बोलत नाही. आठवडाभराने तो दिसेनासा होतो.

म्हणून पहिली मागणी: मजले थांबवा. निदान तीन वर्षे थांबवा. त्या वेळात क्लॅन दुरुस्त करा, कारण लोक क्लॅनसाठी येतात, तोफेच्या नव्या रंगासाठी येत नाहीत.

क्लॅनची दुरुस्ती म्हणजे नेमके काय, तेही सांगतो. क्लॅनमध्ये पन्नास जागा. त्यातले पंधरा-वीस कायमचे झोपलेले असतात. नवा मुलगा घ्यायचा तर झोपलेल्याला काढावे लागते. आता ज्याने वर्षानुवर्षे डोनेशन दिले, ज्याच्या शेवटच्या अटॅकने कधीकाळी वॉर जिंकला, त्याच्या नावावर बोट ठेवून ‘किक’ दाबणे सोपे आहे का? आणि तो चुकून परत आला की पहिला संदेश काय वाचतो, तर आपल्याला काढले गेले आहे. लग्नाच्या घरातून आजोबांना बाहेर काढल्यासारखे हे आहे. पन्नास जागांच्या बाहेर एक ओसरी ठेवा. तिथे बसणाऱ्याने अटॅक करू नये, डोनेशन देऊ नये, पण वॉर पाहावा, गप्पांत बोलावे आणि मनात आले की अर्ज न करता आत यावे. यात समतोल बिघडण्यासारखे काय आहे? दोन ओळींची पाटी आणि एक यादी, बस्स. गप्पाही थोड्या दिवसांत वाहून जातात, त्या जपा. सगळ्या खेळाडूंचे सामायिक ग्लोबल चॅट २०१९ मध्ये बंद केले. तिथे शिवीगाळ फार होती, त्यामुळे त्याचे मला दुःख नाही. पण नवख्याला क्लॅन सापडण्याची ती एक वाट होती. तिच्या बदल्यात जे दिले ते नोकरीच्या जाहिरातीसारखे आहे.

दुसरा मुद्दा थांबण्याचा. सैन्य तयार व्हायला वेळ लागतो, हा या खेळाचा पाया आहे असे आम्हाला बारा वर्षे वाटत होते. पाया कसला! २०२२ मध्ये सैन्याचा खर्च काढला, मार्च २०२५ मध्ये वेळही काढला, आणि आकाश कोसळले नाही. उलट लोक पुन्हा मनासारखे अटॅक करू लागले. म्हणजे ते थांबणे खेळाचा भाग नव्हते, तो विक्रीचा माल होता. जेम्स टाका, थांबू नका. मग हाच न्याय इमारतींना का नाही? तिथला वेळ कमी करून देण्याची सवलत गोल्ड पासमध्ये विकायला ठेवलेली आहे, हे त्याचे उत्तर आहे.

हिरोंच्या इक्विपमेंटची गोष्ट याहून वाईट. डिसेंबर २०२३ मध्ये ती आली. साधी अठराव्या पातळीपर्यंत जाते, एपिक सत्तावीसपर्यंत, आणि तिला लागणारे स्टारी ओर चिमटीने मिळते. नवे एपिक मुदतीच्या इव्हेंटमध्ये येते. परीक्षेच्या आठवड्यात इव्हेंट असला तर मुलाने काय निवडावे? नंतर ते ट्रेडरकडे जेम्स मोजून मिळते, पण तोवर वॉरमध्ये त्याचा मार खाऊन झालेला असतो. मुदत काढून टाका. मेहनत करील त्याला वर्षातून केव्हाही मिळू द्या.

‘फुकटचा खेळ आहे, कंपनीने कमवायचे नाही का?’ हा प्रश्न येणारच. जरूर कमवावे. हिरोंचे पोशाख विका, गावाची सजावट विका, पाहिजे तर सोन्याच्या बकऱ्या विका. हौसेला मोल असते आणि ते देणारे देतात. ताकद आणि वेळ मात्र विकू नका.

जुना खेळ जगवता येतो याचे उदाहरण आहे. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने रूनस्केप इतका बदलला की जुने लोक उठून गेले. मग २०१३ मध्ये खेळाडूंचे मत घेऊन २००७ ची आवृत्ती पुन्हा सुरू केली, आणि नवी भर घालताना बहुतेक वेळा आधी मतदान घेतले. सुरुवातीला पंचाहत्तर टक्के होकार लागे, आता सत्तर. मतदानाने दरवेळी शहाणपण येते असे नाही, हे आपल्या देशात वेगळे सांगायला नको. पण विचारलेला माणूस रागावला तरी टिकतो. वर्षातून एकदा तरी खेळातच विचारा: मजला हवा की दुरुस्ती?

माझे गाव विकणार का, अशी विचारणा दोघांनी केली. खाती विकणे नियमाबाहेर आहे, आणि नसते तरी विकले नसते. कोठारे भरलेली आहेत. शील्ड उतरले की ज्याला लुटायचे त्याने लुटावे.