स्तनातली गाठ लपवू नका

अंगावर पाजणाऱ्या बाईच्या स्तनात गाठ आली की घरातल्या वडीलधाऱ्या म्हणतात, ‘दूध साकळलंय, शेक घे.’ तिच्या स्वतःच्या मनात मात्र कॅन्सरची भीती असते. तिसरी शक्यता सहसा कुणाला सुचत नाही. ती म्हणजे स्तनाचा टीबी.

हा आजार क्वचित होतो, पण नवा नाही. इंग्लंडचे सर्जन ॲस्टली कूपर यांनी १८२९ साली त्याचे वर्णन केले होते. तो बहुधा तरुण, मुलंबाळं असलेल्या बायकांत दिसतो. खोकला नसतो, छातीचा एक्स-रेही पुष्कळदा स्वच्छ येतो. म्हणून गळू समजून चीर दिली जाते, पू निघतो, जखम भरते आणि पुन्हा वाहू लागते. असे दुसऱ्यांदा झाले, तर टीबीची तपासणी मागून घ्यावी.

तरुण वयात आधी सोनोग्राफी करतात. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, गरोदरपणीही ती चालते. गाठीत पू आहे का, कातडीपर्यंत वाट गेली आहे का, काखेतल्या गाठी सुजल्यात का, हे तिच्यात दिसते. मॅमोग्राफीत तरुण स्तन दाट, पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. त्यामुळे ती लपू शकते. आजार बरगड्यांपर्यंत पोचल्याची शंका असेल तर सीटी किंवा एमआरआय.

पण चित्रावर निकाल लागत नाही. टीबी आणि कॅन्सर चित्रात हुबेहूब सारखे दिसू शकतात. सोनोग्राफीत पाहत सुईने तुकडा किंवा पू घेऊन तपासला, तरच खरे कळते. ‘टीबीच असेल’ म्हणून ही सुई टाळू नये.

शाळेच्या माता-पालक सभेत आम्ही हा विषय काढला की ओढण्या सावरल्या जातात आणि सगळ्या गप्प होतात. चाकण-भोसरीत नवरा शिफ्टला, सासर गावी, सांगायचे कुणाला? बहिणींनो, तपासणीला बाई डॉक्टर मागा, सोबत नणंद किंवा अम्मीला न्या. त्यात संकोच कसला?

टीबी निघाला तर किमान सहा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात मोफत. पोषणासाठी निक्षय योजनेतून महिना १००० रुपये मिळतात. टीबीवरचे पहिले गुणकारी औषध स्ट्रेप्टोमायसिन एके काळी आपल्याच पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये बनत असे. इलाज आहे, तो अर्धवट सोडू नका.

गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर पिंपरीचे वायसीएम किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. माहितीसाठी मोफत फोन: १८००-११-६६६६.