गुगलवर शाळेचे योग्य पान

शाळेचे नाव गुगलवर टाकले आणि प्रवेशाच्या माहितीऐवजी जुन्या स्नेहसंमेलनाची बातमी आली, तर पालक काय समजणार? प्रवेश बंद झाले असावेत, असे धरून ते मुलीला दुसरीकडे नेतात. आम्ही शिक्षक मग पटसंख्येची चिंता करत बसतो.

संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल तर इलाज सोपा आहे. ‘सेटिंग्ज’मधील ‘रीडिंग’ उघडावे. तिथे मुखपृष्ठावर ताज्या नोंदी दाखवण्याची सोय आधीपासून निवडलेली असते. त्याऐवजी ‘अ स्टॅटिक पेज’ निवडून ‘होमपेज’समोर शाळेच्या माहितीचे पान ठेवावे. खाली सर्च इंजिनांना मज्जाव करणारी चौकट असते; तिच्यात खूण असल्यास काढावी आणि बदल सेव्ह करावेत. पानाच्या शीर्षकात शाळेचे पूर्ण नाव व गाव असू द्यावे. शेवटी गुगल सर्च कन्सोलमध्ये मुखपृष्ठाचा पत्ता टाकून ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबावे. फरक दिसायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. पुन्हा पुन्हा दाबून काम लवकर होत नाही. म्हणून प्रवेशाच्या महिनाभर आधीच हे उरकावे.

आणखी एक. संकेतस्थळाचा पासवर्ड ते बनवून देणाऱ्या मुलाकडेच राहू नये. कौमच्या पैशातून उभी राहिलेली ती अमानत आहे. तिची किल्ली कमिटीकडेही हवी.