पोराला कुठं नेलंय? अटकेची नोंद शोधण्याचा हक्क आणि आपली जबाबदारी

गडमुडशिंगीसारख्या गावात अटकेची बातमी कागदावरून कळत नाही, फोनवरून कळते. "पोराला न्हेलंय, कुठं न्हेलंय म्हाईत न्हाई," असा आईचा किंवा बहिणीचा आवाज येतो आणि मग धावाधाव सुरू होते. गाव करवीर तालुक्यातले, हद्द गांधीनगर पोलीस ठाण्याची. पण मुलगा तिथेच असेल असे नाही. शाहूपुरी, राजारामपुरी, गोकुळ शिरगाव किंवा स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखा, कुणीही नेलेले असू शकते. मोटारसायकलवर दोघे-तिघे निघतात, एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जातात, मध्येच कुणा पुढाऱ्याला फोन होतो. "साहेबांना विचारून सांगतो" एवढ्यावर रात्र निघून जाते.

समाजकार्यात असे फोन आम्ही अनेकदा घेतले आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कुणाला अटक झाली, कोणत्या गुन्ह्यात झाली आणि तो कुठे आहे, ही माहिती मिळवण्यासाठी आपले लोक ओळख शोधतात. कायद्याने मात्र ही माहिती उघडपणे लावून ठेवायची असते. ती मागताना कुणाचे उपकार घ्यायचे कारण नाही.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात पोलीस नियंत्रण कक्ष असावा लागतो. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी नसलेल्या दर्जाचा एक अधिकारी नेमावा लागतो. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवणे ही त्याची जबाबदारी. ती माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची. 'डिजिटल पद्धतीनेही' ही भर नव्या कायद्याने घातली. जुन्या संहितेत कलम ४१-क च्या पुढच्या दुरुस्त्यांमध्ये आलेली ही तरतूद नियंत्रण कक्षाच्या फलकापुरती होती. आता ती ठाण्याच्या दारापर्यंत आली आहे.

या तरतुदीचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात आहे. पश्चिम बंगालमधील विधी सेवा संस्थेचे कार्यकर्ते दिलीपकुमार बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतले. दहा वर्षांनी आलेल्या निकालात अकरा सूचना होत्या. अटकेच्या वेळी साक्षीदाराच्या सहीचा कागद करणे, नातेवाइकाला कळवणे, वैद्यकीय तपासणी करणे, बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला माहिती देणे आणि ती फलकावर लावणे या त्यातल्या काही. त्यामागची कल्पना साधी होती. ज्याचे नाव फलकावर लागले त्याला गायब करणे अवघड जाते.

त्याच्याही मागे संविधानाचे अनुच्छेद २२ आहे. अटकेची कारणे सांगणे, वकिलाला भेटू देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे. आपल्यातल्या अनेकांना हे तोंडपाठ असते, पण ते संविधानात कसे आले हे कमी जणांना माहीत असते. जीवित आणि स्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून 'उचित प्रक्रिया' हे संरक्षण संविधान सभेत वगळले गेले. त्यामुळे पडलेली पोकळी काही अंशी भरून काढण्यासाठी बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला. तोच पुढे अनुच्छेद २२ झाला. अटक झालेल्या माणसाचा हक्क बाबासाहेबांनी मुद्दाम, वेगळा अनुच्छेद आणून लिहिला. म्हणून ठाण्याच्या फलकावरची यादी वाचणे हे संविधान वाचण्याइतकेच आपले काम आहे.

नोंद खोटी असते तेव्हा

कोल्हापूरशेजारच्या सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये काय घडले ते आठवा. एका लुटीच्या गुन्ह्यात अनिकेत कोथळे या तरुणाला सांगली शहर पोलिसांनी पकडले. कोठडीत त्याचा मृत्यू झाला. पोलिसांनी मात्र तो पळून गेल्याचे दाखवले. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचे नंतर उघड झाले आणि उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली. कुटुंबाने 'पळाला' या नोंदीवर विश्वास ठेवला असता, तर प्रकरण तिथेच संपले असते.

परभणीचे प्रकरण वेगळे आहे आणि आपल्याला अधिक जवळचे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले आणि बौद्ध वस्त्यांमधून धरपकड झाली. त्यात कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होते. त्यांना न्यायालयात हजर केले होते, कोठडीचे आदेश होते, म्हणजे कागदावर सगळे होते. तरी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत श्वसनाच्या आजाराचा उल्लेख केला आणि मारहाणीची तक्रार त्यांनी दंडाधिकाऱ्यांकडे केली नव्हती असे सांगितले. शवविच्छेदनाच्या कागदावर मात्र अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण होते. त्यांच्या आई विजयाबाई मागे हटल्या नाहीत. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा दाखल करण्याचा आदेश दिला. ३० जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

सांगलीत नोंदच खोटी होती. परभणीत नाव, तारीख, कलम सगळे नोंदले गेले, पण माणूस वाचला नाही. म्हणून नाव यादीत सापडले की काम संपले असे समजू नये. नाव सापडल्यावर पुढचा कागद मागायचा असतो, तो वैद्यकीय तपासणीचा. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणी करून जखमा, खुणा आणि त्या कधी झाल्या असाव्यात हे लिहायचे असते. त्याची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळते. हा कागद पहिल्याच दिवशी हातात असेल, तर नंतर कुणाला गोष्ट बदलता येत नाही.

पोर्टलवर काय दिसते, काय दिसत नाही

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अटक आरोपी आणि प्रकाशित प्रथम खबरी अहवाल शोधता येतात. जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडायची. नावाने शोधताना स्पेलिंग बदलले की निकाल मिळत नाही, म्हणून ठाणे आणि तारखेने शोधणे बरे. प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेत सांगितले. दुर्गम भागात जास्तीत जास्त बहात्तर तासांची मुभा दिली. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांचे अहवाल यातून वगळले आहेत. पुढे खटल्याची तारीख आणि स्थिती ई-कोर्ट्स सेवेवर पक्षकाराच्या नावाने किंवा गुन्हा क्रमांकाने पाहता येते.

पण सगळ्यात मोठी फट पोर्टलच्या बाहेर आहे. 'फक्त चौकशीला आणलंय' असे सांगितले जाते तेव्हा अटकच दाखवलेली नसते. मग फलक कोरा, पोर्टल कोरे आणि मुलगा ठाण्यात बसलेला. चौकशीला बोलवायचे तर लेखी नोटीस हवी. थांबवून ठेवायचे तर अटक दाखवायला हवी. जाऊ देत नसतील आणि अटकही दाखवत नसतील, तर ती अवस्था कायद्यात बसत नाही. मोर्चे, बंद आणि जयंतीच्या मिरवणुकीनंतरच्या धरपकडीत आपली मुले नेमकी याच फटीत सापडतात.

यादी कुणासाठी?

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे. आम्हीच म्हणतो की अटकेची नोंद उघड हवी. मग गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीच नावे फिरली, तर तक्रार कशाची?

अमेरिकेत ग्रामीण परगण्यांच्या शेरीफ कार्यालयांच्या संकेतस्थळांवर तुरुंगात आणलेल्यांची नावे, अनेकदा फोटो, आरोप आणि जामिनाची रक्कम दिसते. नातेवाइकाला माणूस कुठे आहे हे घरबसल्या कळते. पण हेच फोटो उचलून खासगी संकेतस्थळांवर टाकायचे आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागायचे, असा धंदाही तिथे उभा राहिला. अनेक राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. खटला सुटला तरी फोटो राहतो. त्याची झळ काळ्या आणि गरीब माणसांना अधिक बसली.

आपल्याकडे फोटोची गरज पडत नाही. आडनाव आणि वस्तीचे नाव पुरते. गांधीनगरच्या कापड दुकानात किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या मुलासाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला ही खरी परीक्षा असते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी तर अधिकच. त्यांनी लक्षात ठेवावे की अर्जात गुन्ह्याची माहिती विचारली असेल तर लपवू नये. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खरी माहिती दिली असेल, तर गुन्ह्याचे स्वरूप आणि निकाल पाहून निर्णय घ्यावा. लपवलेली माहिती हे मात्र स्वतंत्र कारण ठरू शकते.

म्हणून आमची भूमिका अशी आहे. अटकेची यादी सत्तेवर नजर ठेवण्यासाठी उघड केलेली आहे. ती पाहून कुटुंबाला आणि वकिलाला कळवा, गुन्हा क्रमांक टिपून घ्या. नावे आणि फोटो ग्रुपवर टाकू नका. अल्पवयीन मुलांची ओळख उघड करणे तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. बुद्धविहारातल्या तरुण मंडळांनी हा नियम स्वतःसाठी आधी लिहून ठेवावा.

पहिल्या चोवीस तासांत

रात्रीचा फोन आला की आम्ही या क्रमाने जातो.

पहिले, वेळ लिहून घ्यायची. किती वाजता, कुठून, किती जणांनी नेले, गाडीचा क्रमांक काय. चोवीस तास इथून मोजायचे.

दुसरे, ११२ वर आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारायचे. ठाण्यात कलम ३७ खालचा नेमलेला अधिकारी कोण, हे विचारायचे. फलकाचे वाचन करायचे. अटक कुणाला कळवली याची नोंद कलम ४८ प्रमाणे ठाण्याच्या वहीत असते, ती विचारायची.

तिसरे, अटकेची कारणे लेखी मागायची. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणत्याही गुन्ह्यात कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. ताबडतोब शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी. वरळीतल्या आलिशान गाडीच्या अपघातातून आलेला हा निकाल आहे. श्रीमंतांचे वकील तो पहिल्याच दिवशी वापरतील. आपल्या वस्तीतल्या मुलासाठी तो आपणच वापरायचा आहे.

चौथे, वकील. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. हेल्पलाइन १५१००. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला घरात हाताशी ठेवावा.

पाचवे, लेखी अर्ज. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणीही त्याच दिवशी लेखी करावी. परमवीर सिंग सैनी निकालाने २०२० मध्येच प्रत्येक ठाण्यात कॅमेरे सक्तीचे केले आहेत.

आणि तरीही ठावठिकाणा लागला नाही, तर हेबियस कॉर्पस. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या माणसाला आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

एक एक नाव

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यातली ४,३४,३०२ म्हणजे जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. त्या तक्त्यात बौद्धांचा वेगळा रकाना नाही, आपण 'इतर' मध्ये मोजले जातो. किती बौद्ध तरुण आत आहेत हे सरकारी पुस्तकातून कळत नाही. ते कळायचे असेल तर गावोगावी एक वही लागेल. नेल्याची वेळ, ठाणे, गुन्हा क्रमांक, पुढची तारीख, जामीन, निकाल. नावे गुप्त राहतील अशी, विहारातल्या दोन विश्वासू कार्यकर्त्यांच्या हाती.

गडमुडशिंगीत आणि शेजारच्या गावांत ही वही सुरू करायला पैसा लागत नाही. लागतो तो पहिल्या रात्री शांत डोक्याने ठाण्यात जाऊन, साध्या भाषेत "फलक कुठे आहे?" असे विचारणारा माणूस. तो प्रत्येक वस्तीत एक तरी तयार व्हावा. तेव्हा आई फोन करील आणि "कुठं न्हेलंय म्हाईत न्हाई" या वाक्याला उत्तर देणारे कुणीतरी असेल.

जय भीम.