दाखल्यावरचे वय आणि हाडांचे वय

खेळाडूचे खरे वय किती, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर कधी संपत नाही. शाहिद आफ्रिदी खेळत होता तोवर "हा गेली दहा वर्षे सोळाचाच आहे" हा विनोद गल्लोगल्ली चालायचा. ४ ऑक्टोबर १९९६ रोजी नैरोबीत त्याने श्रीलंकेविरुद्ध ३७ चेंडूंत शतक ठोकले, तेव्हा कागदोपत्री तो सोळा वर्षांचा होता. पुढे २०१९ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले आणि त्यात आपला जन्म १९८० चा नव्हे, १९७५ चा असल्याचे सांगून टाकले. गंमत अशी की त्याच पुस्तकात, त्या शतकाच्या वेळी आपण एकोणीस वर्षांचे होतो, असेही म्हटले आहे. ही वजाबाकी घरातल्या चौथीतल्या मुलाकडून करून घ्यावी.

फुटबॉलमध्ये असाच वाद नायजेरियाच्या खेळाडूंभोवती अनेक वर्षे घोटाळतो आहे. त्याला कारणही आहे. काही खेळाडूंच्या जन्मतारखा आधीच्या स्पर्धांत एक आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये दुसरी, असे आढळल्यावर १९८९ मध्ये 'फिफा'ने त्या देशाच्या युवा संघांवर दोन वर्षांची बंदी घातली होती. तेव्हापासून तिथला कोणताही गुणी खेळाडू पस्तिशीकडे झुकला की चाहते बोटे मोजू लागतात. न्वान्क्वो कानू हा साडेसहा फूट उंचीचा देखणा खेळाडू यातून सुटला नाही. १९९३ मध्ये १७ वर्षांखालील जगज्जेता, १९९६ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार, २०१० चा विश्वचषक खेळला तेव्हा कागदावर ३३ वर्षांचा. चालण्यात थोडा संथपणा दिसला की लोक म्हणत, "हा चाळिशीचा असणार." पुरावा काही नाही. संशय मात्र देशाच्या नावावरून चिकटला. काहींनी केलेल्या लबाडीची किंमत प्रामाणिक खेळाडूही अशी चुकवत राहतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. समजा एखादा मोठा खेळाडू खरोखरच सांगितल्यापेक्षा चार वर्षांनी मोठा निघाला, तर त्याचे मोठेपण कमी होते का? माझे मत वाचकांना कदाचित विचित्र वाटेल. प्रौढांच्या खेळात केलेल्या धावा आणि गोल जातात कुठे? समोरचा गोलंदाज काही चेंडू टाकताना जन्मदाखला मागत नाही. उलट ३४ व्या वर्षी जे केले ते ३८ व्या वर्षी केले असे ठरले, तर डॉक्टर म्हणून मी टोपी काढीन. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. १९४०-४१ च्या रणजी मोसमात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, तेव्हा त्यांचे वय होते ४८. ते वय त्यांनी लपवले नाही, म्हणून तर ती खेळी आजही सांगितली जाते. १०१ वर्षे जगून १९९३ मध्ये ते गेले.

कमी होते ते सुरुवातीचे. 'सर्वांत लहान वयात', 'सोळाव्या वर्षी', '१७ वर्षांखालील विजेता' ही बिरुदे वयावरच उभी असतात, वय खोटे ठरले की तीही खोटी. आणि त्या वयोगटात त्याच्यासमोर उभा असलेला खराखुरा चौदा वर्षांचा पोरगा, ज्याची जागा गेली, त्याचे नाव कोणालाच कधी कळत नाही. म्हणून वयाची चौकशी करायची तर ती खेळाडूच्या पस्तिशीत करण्यात काही हशील नाही. ती बाराव्या-तेराव्या वर्षी व्हायला हवी.

हे आपल्यापासून दूरचे आहे असे समजू नये. २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघातल्या, आपल्याच राज्यातल्या एका खेळाडूबद्दल शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख बदलल्याची तक्रार झाली आणि राज्याच्या क्रीडा आयुक्तांनी क्रिकेट मंडळाला पत्र लिहिले. आरोप म्हणजे निकाल नव्हे, म्हणून नाव घेत नाही. पण मोह कुठून येतो ते आपण सगळे जाणतो. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. त्यात चमकले की दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा. एका वर्षाच्या फरकाने एवढे मिळणार असेल, तर शाईचा एक फराटा कितीसा जड?

शिवाय आपल्याकडे तारखांचा घोळ जुनाच. माझ्या पिढीतल्या निम्म्या रुग्णांचा वाढदिवस १ जूनला येतो. आईने "शिमग्याच्या आधी दोन दिवस झाला" एवढे सांगितलेले असायचे आणि शाळेत नाव घालताना मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्यात लबाडी नव्हती, सोय होती. पंजाबचे धावपटू फौजासिंग २०११ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण धावले. पासपोर्टावर जन्म १ एप्रिल १९११, म्हणजे वय शंभर. पण जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनीजच्या पुस्तकाने तो विक्रम मानला नाही. २०२५ मध्ये गावाजवळ वाहनाची धडक बसून ते गेले. कागद नसणे वेगळे आणि कागद बदलणे वेगळे, हे आपण विसरता कामा नये. आज मात्र दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची नोंद नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत लगेच होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी तर हाच दाखला जन्मतारखेचा अधिकृत पुरावा ठरला आहे.

"मग डॉक्टर, एक्स-रे काढून कळत नाही का?" असे मला नेहमी विचारतात. कळते, पण तारखेसारखे नाही. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा एक पट्टा असतो. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर जे मऊ, लवचिक लागते तसला पदार्थ. तिथे नवे हाड तयार होते आणि उंची वाढते. वाढ संपली की पट्टा भरून जातो. क्रिकेट मंडळ लहान गटातल्या मुलांच्या डाव्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढून त्यातल्या तेरा हाडांना गुण देते आणि त्यावरून हाडांचे वय काढते. फुटबॉलवाले १७ वर्षांखालील स्पर्धेत मनगटाचा एमआरआय करतात. त्यात किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे निरोगी मुलाला त्रास नाही. मनगटातले अंगठ्याच्या बाजूचे हाड पूर्ण जुळून गेलेले दिसले तर मुलगा सतरा ओलांडून गेला असे मानतात, कारण त्याआधी ते जुळणे शंभरात एखाद्यातही सापडत नाही. २००९ मध्ये ही स्पर्धा नायजेरियातच भरली, तेव्हा या तपासणीने खुद्द यजमानांच्या संघातले अनेक खेळाडू स्पर्धेआधीच बाहेर काढले.

पण एक सावधगिरी. निरोगी मुलाच्या हाडांचे वय खऱ्या वयाच्या वर्ष-दोन वर्षे पुढे किंवा मागे असू शकते. पोटभर न मिळालेला, थायरॉइडचा किंवा दीर्घ आजाराचा मुलगा हाडांनी लहान दिसतो. लवकर वयात आलेला, अंगाने भरलेला मोठा दिसतो. तेव्हा केवळ एक्स-रे पाहून एखाद्या प्रामाणिक पोराला चोर ठरवणे मला मान्य नाही. दाखला, शाळेची नोंद आणि हाडे तिन्ही एकत्र पाहावीत.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. मुलगा चांगला गोलंदाज, मिसरूड फुटलेली. "डॉक्टर, एक वर्ष कमी करून लिहून द्या, कोणाचे काय जाते?" मी त्यांना खुर्चीवर बसवून काय जाते ते सांगितले, तेच इथे लिहितो. चौदा वर्षांच्या गटात सोळाचा मुलगा ताकदीवर जिंकतो. चेंडू वळवायला, पाय हलवायला शिकण्याची त्याला गरजच पडत नाही. एकोणिसाव्या वर्षी बाकीचे उंची-ताकदीने बरोबरीला येतात आणि याच्या हातात काही उरत नाही. राहुल द्रविडने २०१५ च्या पतौडी व्याख्यानात नेमके हेच दुखणे मांडले होते आणि वयाच्या लबाडीला सामनानिश्चितीच्या पंक्तीला बसवले होते. दुसरे, समोरचा लहान. कबड्डीच्या मैदानात पंधरा किलोंचा फरक म्हणजे कूर्चेच्या त्या पट्ट्यावर घाला. तिथे मोडले तर हाड आखूड किंवा वाकडे वाढण्याची भीती असते.

तिसरी गोष्ट त्या गृहस्थांना पटली नाही, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. खोटे वय माणसाबरोबर म्हातारे होते. मैदानावर अचानक कोसळणारा खेळाडू पस्तिशीच्या आतला असेल, तर बहुधा जन्मजात किंवा आनुवंशिक हृदयदोष निघतो. पस्तिशीनंतर हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे हे मुख्य कारण असते. दोन्हींच्या तपासण्या सारख्या नाहीत. कागदावर ३२ आणि शरीराने ३८ असलेल्या माणसाला तपासणारा डॉक्टर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो. स्नायू सावरायला लागणारा वेळ, टाचेच्या नसेची दुखापत, सरावाचा भार, सगळे हिशेब खऱ्या वयावर असतात. दवाखान्यात तरी वय खरे सांगावे, तिथे गुण मिळत नाहीत.

कानूचेच पाहा. १९९६ मध्ये इटलीच्या इंटर क्लबात गेल्यावर तिथल्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयातल्या महाधमनीच्या झडपेत दोष सापडला. फुटबॉल संपले असेच सर्वांना वाटले होते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी तो मैदानात परतला आणि २००८ च्या एफए कप अंतिम सामन्यात पोर्ट्समथसाठी एकमेव गोल त्यानेच केला. २००० मध्ये त्याने हृदयरोगी मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी संस्था काढली. त्याचे वय किती यावर भांडणाऱ्यांनी हाही हिशेब धरावा.

शाळांच्या स्पर्धा जवळ आल्या की वयाच्या दाखल्यासाठी माझ्याकडे गर्दी होते. तो दाखला इथे मिळत नाही, नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत मिळतो. खेळणाऱ्या मुलाचे वजन, उंची, रक्तदाब आणि छातीचे ठोके मात्र संध्याकाळच्या वेळेत तपासून घ्यावेत, विशेषतः धावताना कधी चक्कर आली असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल तर.