पहिल्या विक्रीनंतरची पाच वर्षे

लेखन-कार्यशाळेतून पुढे आलेल्या लेखकांच्या पुस्तकांची यादी वाचताना मधल्या वर्षांचा हिशेब सहसा नजरेआड राहतो. अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर १९७० मध्ये पेनसिल्व्हानियातील क्लॅरियन कार्यशाळेस गेल्या. तेथे त्यांच्या दोन कथा विकल्या गेल्या. पुढील सुमारे पाच वर्षे मात्र एकही कथा कोणी स्वीकारली नाही. भांडी धुणे, बटाट्याचे वेफर्स तपासणे अशी कामे करीत त्या उत्तररात्री उठून लिहीत राहिल्या. १९७६ मध्ये ‘पॅटर्नमास्टर’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १९९५ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप लाभली. पहिल्या विक्रीने पेढी उभी राहत नाही, हे व्यापारी घरांना सांगावयास नको. वाचकहो, घरातील मुलगी लिहू लागली, तर पहिल्याच दिवाळीला तिच्याकडे नफा-तोटा मागू नका.